अर्धा भार

॥ श्री ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५



आजच्या तीन श्लोकांत भगवंत धृतीविषयी बोलतात. त्याआधी बुद्धीचे तीन प्रकार सांगून झाले आहेत, पुढे सुखाचे तीन प्रकार यायचे आहेत. मधले हे तीन श्लोक नित्य पाठात कधी येतात आणि कधी मागे पडतात, कळतही नाही. या खेपेला मी इथे अडकले, याला कारण माझा उजवा पाय.

धृती हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला. धरणं, धरून ठेवणं. आपल्या मराठीत ‘धीर’ असतो तोही धरावाच लागतो. घेता येत नाही, ठेवता येत नाही. धरायचा, नाहीतर सोडायचा. गेले सात महिने भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला ‘धीर धरा’ असं सांगितलं. सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं, पण नेमकं काय धरायचं ते कोणी सांगितलं नाही. निमूट पडून राहायचं की हिमतीनं पाऊल टाकायचं? एकाच वाक्यात लोक दोन्ही सांगायचे. “काकू, धीर धरा, घाई करू नका” आणि लगेच, “धीर धरा, उठून चालायला लागा, नाहीतर पाय आखडेल.”

थोडक्यात काय झालं ते सांगते. मार्गशीर्षात ओट्याच्या पायरीवर पाय मुरगळला आणि घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं, एका बाजूला पट्टी आणि स्क्रू, दुसऱ्या बाजूला नुसते स्क्रू. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वॉकर, कमोडची खुर्ची, आंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी, सूनबाईच्या खांद्यावर हात. हे सगळं ज्यांच्या घरी घडलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

त्या सहा आठवड्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. ते अवघड होते, पण त्यात प्रश्न नव्हता. टेकवायचा नाही म्हणजे नाही. नियम स्पष्ट असला की मन कुरकुरतं, पण गोंधळत नाही. एकादशीचा उपास सोपा जातो तो त्यामुळेच. रोज ‘थोडं कमी जेवा’ हे कठीण असतं.

खरा प्रश्न सुरू झाला सहा आठवड्यांनंतर. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “हाड छान जुळतंय. आता अर्धा भार द्यायला सुरुवात करा.”

अर्धा भार! मी विचारलं, “अर्धा म्हणजे किती, आणि तो अर्धा कळणार कसा?”

उत्तर फिजिओच्या मुलीनं दिलं, वजनकाट्यावर. तिनं घरातला वजनकाटा मागवला, शेजारी त्याच उंचीचा लाकडी पाट ठेवला. डावा पाय पाटावर, उजवा काट्यावर, दोन्ही हात वॉकरवर. “काकू, काट्यावर पंधरा दिसेपर्यंत दाबा. तेवढाच भार लक्षात ठेवा. चालताना तेवढाच द्यायचा.” माझं वजन चौसष्ट किलो. पंधरा म्हणजे पावसुद्धा नाही. पण पहिल्या दिवशी मी जीव एकवटून पाय दाबला तेव्हा काटा चारवर होता. मला मात्र शपथेवर वाटत होतं की मी सगळं अंग पायावर टाकलंय.

मंडळी, त्या चारच्या आकड्यानं मला जे शिकवलं ते सांगण्यासाठी आजचं चिंतन लिहितेय. मन सांगत होतं ‘पूर्ण भार दिला’. काटा सांगत होता ‘चार किलो’. पंधरा दिवसांनी उलटं झालं. पाहुणे आले होते, बोलण्याच्या नादात उभी राहिले, मनाला वाटलं हलकंच टेकलंय, आणि शेजारी बसलेल्या नातवानं काट्यावरचा आकडा वाचला, “आजी, अडतीस!” म्हणजे माझी भीती मला खोटं सांगत होती आणि माझा उत्साहही. आपल्याला आतून जे ‘धीर’ वाटतं ते खरंच धीर आहे की दुसरं काही, हे आतून ओळखता येत नाही. मग ओळखायचं कसं?

आता आजच्या श्लोकांकडे वळू. तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करते, कारण मला आधी तोच भेटला. पस्तिसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की झोप, भीती, शोक, विषाद आणि मद यांना जो दुर्बुद्धी माणूस सोडत नाही, त्याची ती धृती तामसी. वाचताना आधी नवल वाटतं. भीतीला आणि विषादाला धृती कसं म्हणायचं? ती तर धृतीच्या उलट गोष्ट! पण शब्द बघा. पहिल्या दोन श्लोकांत क्रियापद आहे ‘धरते’. तिसऱ्यात भगवंत ते बदलतात. तिथे ‘धरते’ नाही, ‘सोडत नाही’ आहे. भीती धरून ठेवायलाही ताकद लागते. भित्रा माणूस दुबळा असतो असं आपण समजतो, पण भीती ज्या चिकाटीनं सांभाळली जाते तेवढी चिकाटी पुष्कळदा साधनेतही दिसत नाही.

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. त्या उठल्या नाहीत. “उद्या बघू,” म्हणायच्या. त्यांच्या तोंडी तक्रार नव्हती, उलट सगळे त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक करत. हरिपाठ चालू असायचा, चेहरा शांत. त्या चार वर्षं पलंगावर होत्या आणि तिथूनच गेल्या. त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे, मी त्यांना तामसी म्हणणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण फेब्रुवारीत त्याच खोलीत, पाय उशीवर ठेवून बसले असताना मला एवढं जाणवलं की बाहेरून बघणाऱ्याला संयम आणि भीती सारख्याच दिसतात. दोन्हीत माणूस पाय वर करून शांत बसलेला असतो.

आणि भीती मुळात वाईट आहे असंही मला म्हणायचं नाही. काही प्रवचनकार ‘भय सोडा’ असं इतक्या सहज सांगतात की त्यांना एकदा तरी प्लास्टरमध्ये घालावंसं वाटतं. मोडलेल्या हाडाभोवतीची भीती ही देवानं दिलेलीच आहे. पहिल्या सहा आठवड्यांत ती नसती तर मी रात्री झोपेत उठून चालू लागले असते. तिनं तिचं काम केलं. प्रश्न काम संपल्यावरचा आहे. श्लोकात दोष भीती वाटण्याला दिलेला नाही, ती न सोडण्याला दिला आहे.

दुसरी धृती राजसी. फळाच्या आशेनं, आसक्तीनं धर्म, अर्थ आणि काम यांना धरून ठेवते ती. इथे एक शब्द मला रात्रभर जागं ठेवून गेला. यादीत धर्मही आहे! पैसा आणि हौस राजस असतील हे पटतं, पण धर्मसुद्धा राजस धीरानं धरता येतो असं भगवंत म्हणतायत.

मी फलटणची. माउलींची पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी बरडकडे निघते. फलटण ते बरड एवढा एक मुक्काम मी गेली सव्वीस वर्षं चालते. तेवढीच माझी वारी. डॉक्टरांनी पाय टेकवू नका सांगितलं त्याच दिवशी माझ्या मनानं हिशेब घातला होता. आषाढाला सात महिने, तोवर चाललंच पाहिजे, सव्वीसचं सत्तावीस झालंच पाहिजे. व्यायाम करायला त्या हिशेबानं बळ दिलं, हे खरं. पण त्या बळात ‘माझी’ वारी होती, ‘माझे’ आकडे होते. फिजिओची मुलगी वीस वेळा म्हणाली तर मला तीस वेळा करावंसं वाटायचं. ती हसून हात धरायची. “काकू, तीस केले तर उद्या सूज येईल आणि परवा शून्य होतील.” पेपरात आपण वाचतो ना, जिद्दीच्या जोरावर अमक्यानं तमकं केलं. जिद्द थोर गोष्ट आहे, पण हाडाला जिद्द कळत नाही. त्याला कळतो भार, आणि तो किती दिवसांनी किती मिळाला ते.

युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८९२ साली हाडांविषयी एक नियम मांडला. हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं. जिथे भार पडतो तिथे ते दाट होतं, जिथे पडत नाही तिथे विरळ होत जातं. अंतराळात महिनोन् महिने राहून आलेल्या माणसांची हाडं विरळ झालेली असतात, कारण तिथे शरीराला वजनच नसतं. म्हणजे हाड आधी पक्कं होऊ दे, मग भार देऊ, असं म्हणत बसलं तर ते पक्कं होतच नाही. आणि जुळायच्या आधी सगळा भार दिला तर पट्टी वाकते, स्क्रू ढिला होतो. भारानंच बळ येतं, पण मापाच्या भारानं.

हे समजलं आणि माझ्या मनात आपला रोजचा एक वाक्प्रचार उभा राहिला. देवावर भार टाकणं. आपण म्हणतो, “मी सगळा भार देवावर टाकलाय.” खरंच टाकलेला असतो का? माझ्या पायासारखंच असणार. मनाला वाटतं सगळं अंग टाकलं, आणि काट्यावर बघितलं तर चार किलो. बाकीचे साठ आपण वॉकरवर पेललेले असतात. बँकेतल्या ठेवी, मुलाचा पगार, डॉक्टरांचा फोन नंबर, हे आपले वॉकर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मला वाटतं देवालाही त्याचा राग नाही. पूर्ण विश्वास एका दिवसात येत नाही म्हणून जो अर्धाही भार देत नाही, त्याचा विश्वास विरळ होत जातो इतकंच. आणि जो एका आवेशात सगळं टाकून मोकळा होतो, त्याचाही स्क्रू पहिल्याच संकटात ढिला होतो. पंधरा किलोची श्रद्धा असेल तर पंधरा किलो टेकवावी. पुढच्या आठवड्यात वीस.

पहिली धृती, सात्त्विकी, शेवटी कळली. ढळत नाही अशा योगानं मन, प्राण आणि इंद्रियांच्या क्रिया जी धरते ती. इथे फळाचं नाव नाही. चालणं नाही, वारी नाही, बरं होणंसुद्धा नाही. धरायच्या आहेत त्या क्रिया. माझ्या बाबतीत त्या क्रिया अगदी क्षुल्लक होत्या. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. पाय हवेत धरून अंगठ्यानं अक्षरं गिरवायची. फिजिओनं एबीसीडी काढा म्हटलं, मी म्हटलं आम्ही पाटीवर आधी ‘श्री’ काढायचो, तोच काढते. त्या ‘श्री’ची वेलांटी पूर्ण व्हायला मला तीन आठवडे लागले. घोटा वरच्या बाजूला वळायचाच नाही. रोज सकाळी दहा, संध्याकाळी दहा. त्यात भक्तीचा उमाळा वगैरे काही नव्हता, बहुतेक दिवशी कंटाळाच होता. कंटाळा आला तरी दहा, उत्साह आला तरी दहाच. मला आता असं वाटतं की सात्त्विक धीराची खूण हीच असावी. तो किती वाटतो याला महत्त्व नाही, तो मनाच्या वर-खाली होण्याबरोबर हलत नाही.

आणि माप आपण ठरवायचं नाही. काट्यानं, फिजिओनं, गुरूनं, शास्त्रानं ठरवायचं. आतून ओळखता येत नाही, मग ओळखायचं कसं, या वरच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे. स्वतःच्या मनाला साक्षीला घ्यावं, पण न्याय करायला बसवू नये.

गीतेचंच बघा ना. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात खाली बसतो. विषाद. आजच्या तामसी धृतीच्या यादीत जो शब्द आहे तोच. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्याच श्लोकात भगवंत त्याला म्हणतात, ऊठ. तो उठतो का? नाही. उलट पुढे नवव्या श्लोकात ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो. ‘मी आता उभा आहे, माझा संशय गेला’ असं अर्जुनाच्या तोंडून यायला अठराव्या अध्यायातला त्र्याहत्तरावा श्लोक उजाडतो. उठायची आज्ञा सुरुवातीलाच मिळाली, उभं राहायला जवळजवळ सगळी गीता लागली. आणि भगवंतांनी त्याला हाताला धरून ओढून उभं केलं नाही. सामर्थ्य नव्हतं म्हणून नव्हे. विश्वरूप दाखवलं, तो भेदरला, तर पुन्हा सौम्य रूप घेतलं. माणसाला पेलेल तेवढा भार. अकराव्या अध्यायात काटा एकदम वर गेला होता, असं मी गमतीनं आमच्या ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, “सगळं तुझ्या पायाशी आणून ठेवू नकोस.” तेही खरंच.

होळीच्या सुमाराला पूर्ण भाराची परवानगी मिळाली. तेव्हा फिजिओनं दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही पाय दोन काट्यांवर, वॉकर नाही, नजर समोर. डाव्यावर एकेचाळीस, उजव्यावर तेवीस. आणि मला वाटत होतं मी अगदी सरळ उभी आहे. “काकू, दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. बत्तीस-बत्तीस.” समोर भिंतीवर पांडुरंगाची तसबीर होती. आपण त्याला ‘समचरण’ म्हणतो. इतक्या वर्षांत हा शब्द मला नुसता गोड वाटायचा. दोन्ही पावलं सारखी, शेजारी शेजारी. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की सारखं उभं राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! दुखरी बाजू आणि धडधाकट बाजू, दोन्हींवर सारखा भार. आपण सगळे एका पायावर झुकून उभे असतो आणि त्यालाच सरळ समजतो. बत्तीस-बत्तीस यायला मला पाडव्यापर्यंतचा वेळ लागला.

आता वारीचं. पुष्कळांनी विचारलंय म्हणून लिहिते. फिजिओनं सपाट रस्त्यावर तीन किलोमीटरची मर्यादा घालून दिली आहे, त्याहून जास्त नाही. बरड त्याहून कितीतरी लांब. मला वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही.

मग कूर्मदासांची कथा काढून वाचली. महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले. पोटावर सरपटत पंढरीला निघाले. लऊळपर्यंत आले, एकादशी तोंडावर आली, आणि आता आपण पोचत नाही हे त्यांना कळलं. कीर्तनात ही कथा सांगताना बुवा शेवटाकडे धाव घेतात, देव स्वतः लऊळला आला, भक्ताला भेटला. मला या वेळी मधली ओळ महत्त्वाची वाटली. ते थांबले. इतकं अंतर सरपटत आलेला माणूस, त्याच्या जिद्दीविषयी कोण शंका घेईल? पण उरलेलं अंतर आपल्याच्यानं होणार नाही हे ओळखून त्यांनी पंढरीला जाणाऱ्यांजवळ निरोप दिला आणि तिथेच पडून राहिले. त्या थांबण्यात भीती नव्हती, आणि पोचण्याचा हट्टही नव्हता. देव आला म्हणून ते थांबणं बरोबर ठरलं असं मला वाटत नाही. देव आला नसता तरी ते बरोबरच होतं.

परवा पालखी आली. मी काठी घेऊन गावाबाहेरच्या वळणापर्यंत गेले, जाऊन येऊन अडीच किलोमीटर. एक म्हातारी वारकरीण, ऐंशीच्या आसपासची, डोक्यावर तुळस, माझ्या काठीकडे बघून थांबली. “काय झालं गं बाय पायाला?” सांगितलं. ती म्हणाली, “माझा बी गुडघा गेलाय. चालती म्या जमंल तेवढं, मग बसती टेंपोत. माउली काय मोजत बसलीय का?” आणि गेली पुढे.

बरडच्या वाटेवरची धूळ बसेपर्यंत मी कट्ट्यावर बसले होते. घरी आल्यावर घोटा सुजला होता, मोज्याचा कंगोरा कातडीत उमटला होता. संध्याकाळी सूज येणं अजून काही महिने चालणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जिना उतरताना अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवावे लागतात. उद्यापासून फिजिओनं नवा व्यायाम दिलाय, डोळे मिटून एका पायावर दहा आकडे उभं राहायचं. आज करून बघितला. तीनपर्यंत गेले.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९.

रामकृष्णहरी.